मोडण्यासाठी बांधलेला साकव

बोरपाड्याचा साकव मोडण्यासाठीच बांधला होता, आणि ते कोणी लपवलेलंही नव्हतं.

तलासरीच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की टेकडीच्या पायथ्याशी बोरपाडा लागतो. घरं बहुतेक ओहोळाच्या अलीकडे. शाळा, अंगणवाडी आणि बरीचशी भातखाचरं पलीकडे. पावसाळ्यात ओहोळ भरला की पलीकडे जायला एकच वाट उरायची. उलटं चालत हायवेपर्यंत जायचं, तिथल्या मोरीवरून ट्रकांच्या बाजूबाजूने ओहोळ ओलांडायचा आणि परत तेवढंच आत यायचं. लहान मुलं पावसाळाभर शाळेचं तोंडही बघायची नाहीत. त्यामुळे अदिती चुरी नावाची मुलगी डहाणूहून स्कूटीवर आली आणि अंगणवाडीच्या ओट्यावर उभी राहून म्हणाली, की आम्ही इथे बांबूचा साकव बांधणार आहोत, तेव्हा कोणी नको म्हणालं नाही.

"पण एक आधीच सांगते," ती म्हणाली होती. "हा साकव अभ्यासासाठी आहे. एक पावसाळा तुम्ही वापरायचा, मी त्याची मापं घेत राहणार. दिवाळीनंतर त्याच्यावर भार वाढवत न्यायचा आणि तो मोडून बघायचा."

माणसांनी माना हलवल्या. जो साकव अजून उभाच नव्हता, तो मोडण्यावरून कोण वाद घालणार?

अदिती तिशीला टेकलेली, डहाणूतच वाढलेली. वडील दशरथ चुरी रेल्वेत पुलांच्या देखभालीवर होते, आता निवृत्त. लेक मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करत होती. विषय साधा होता, निदान सांगायला. लोखंडाच्या सळईवर वजन ठेवलं की ती वाकते, वजन काढलं की सरळ होते. बांबूही वाकतो, पण वजन तसंच ठेवून दिलं तर तो वाकतच राहतो, आठवडे न् महिने, इतका हळू की डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेच्या कोरड्या हवेत तो किती वाकतो हे बऱ्याच जणांनी मोजलं होतं. पावसात भिजून, उन्हात तापून, रोज माणसांच्या पायाखाली राहून अख्खा साकव किती वाकतो, आणि एवढं सोसल्यावर शेवटी किती भाराला मोडतो, हे अदितीला मोजायचं होतं. ते आकडे हातात आले की असे साकव ठिकठिकाणी मंजूर करून घेता येतील, असा तिचा आणि तिचे मार्गदर्शक शैलेश सर यांचा हिशेब होता. आकड्यांशिवाय कुठलाही इंजिनिअर बांबूच्या साकवावर सही करणार नव्हता.

वैशाखात काम झालं. पाड्यातला हाल्या बांबूच्या कामात मुरलेला माणूस. त्याने चार गडी घेऊन सगळी बांधणी केली. कीड लागू नये म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या बांबूंच्या जुड्या बांधून दोन लांब तुळया केल्या. तुळयांची टोकं दोन्ही काठांवरच्या दगडी बैठकींवर टेकवून आरपार बोल्ट मारून पक्की केली. वर कामट्यांची वाट, बाजूला कठडा. मधोमध खाली मापाची एक पट्टी टांगली. काठावर दुर्बीण लावून त्या पट्टीवरचा आकडा वाचला की साकवाला किती झोळ आलाय ते कळायचं.

पावसाळाभर अदिती आठवड्याला यायची. डहाणूहून चारोटी, तिथून हायवेने तलासरी, रेनकोटातून निथळत. झोळ वाढत होता, पण तिने आधी काढून ठेवलेल्या आलेखाच्या जवळपासच. साकवावरून जी ये-जा चालायची तिच्याकडे ती भार म्हणून बघायची. डोक्यावर लावणीच्या रोपांचा भारा घेतलेली बाई म्हणजे एवढा भार, सायकल हातात धरून नेणारा माणूस म्हणजे तेवढा. नावं तिला हळूहळू कळत गेली, तीही तिने विचारली म्हणून नाही.

पलीकडे एकटीने शेत कसणारी बुधी नावाची म्हातारी होती. ती रोज साकवाच्या मध्यावर थांबून खाली वाकून बघायची.

"बाय, तुझ्या साकवाला पोट सुटलं गो!" एकदा तिने काठावरच्या अदितीला ओरडून सांगितलं.

"सुटणारच मावशी. अजून थोडं सुटेल."

"मंग बाळंत कदी होनार?"

अदितीला हसू आलं, आणि दुर्बिणीतला आकडा तिला दुसऱ्यांदा वाचावा लागला.

अंगणवाडीची सेविका संगिता पाड्यातलीच, चाळिशीची, कमी बोलणारी. त्या पावसाळ्यात तिची अंगणवाडी पहिल्यांदाच रोज भरली. मापं झाली की ती अदितीला ओट्यावर बोलावून कोरा चहा द्यायची. दोघी फारसं न बोलता पाऊस बघत बसायच्या. संगिताला दुर्बिणीचं कुतूहल होतं. अदितीने तिला पट्टी कशी वाचायची ते दाखवलं होतं.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, ओहोळ घोट्याइतका उरला. अदितीने पाड्याला निरोप पाठवला की आता मोडायची चाचणी करायची आहे. ती पोहोचली तेव्हा ओट्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त माणसं जमली होती, आणि बोलायला संगिता उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही आधी सांगितलं होतं, ते आम्ही विसरलो नाय. पण तेव्हा साकव नव्हता. आता आहे."

"संगिताताई, मोडल्याशिवाय तो किती भार घेतो ते कळणारच नाही."

"कळून कोणाला फायदा?"

"बाकीच्या पाड्यांना. त्यांच्याकडेही असे साकव होतील."

"मग बाकीच्या पाड्याचा मोडा."

हशा पिकला. संगिता मात्र हसत नव्हती. "इथे मोडलेलं परत बांधायला कोणी येत नाय, मॅडम. आमची पाण्याची टाकी पाडली, म्हणाले नवी बांधतो. जाऊन बघा, तिथे खड्डा आहे. पोरं त्याच्यात लपाछपी खेळतात."

हाल्या खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "बांधायला मी होतो. मोडायला मी येनार नाय."

अदिती ओट्यावरून उतरली, जिथे फोनला रेंज मिळायची त्या टेकाडापर्यंत चालत गेली आणि तिने शैलेश सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"लोकांशी भांडून कुठली टेस्ट होते? मोडू नकोस," ते म्हणाले. "वापराच्या दीडपट भार ठेव, एक दिवस राहू दे, मग काढ आणि किती परत येतो ते बघ. चांगला परत आला तर तेवढंच लिहू. तुझा शेवटचा चॅप्टर लंगडा पडेल, पण पडू दे."

हे पाड्याला पटलं. उलट त्यांना उत्साहच आला. आपला साकव किती दणकट आहे हे मॅडमला दाखवायचंच होतं. गड्यांनी मातीची पोती भरली आणि आखून दिलेल्या जागांवर एकेक करत रचली. भार चढायच्या आधीचा आकडा संगितानेच हौसेने दुर्बिणीतून वाचून मोठ्याने सांगितला. साकव वाकला, करकरला, थांबला. पोती रात्रभर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरवली, तेव्हा हाल्याने कठड्यावर थाप मारली.

"बघा! काय झालं? काय नाय झालं."

अदिती दुर्बिणीला डोळा लावून उभी होती. आलेल्या झोळाचे चारातले निदान तीन हिस्से भरून यायला हवे होते. निम्म्याच्या जरा वर आला होता. तिने वाट बघितली. बांबूला वेळ लागतो. दुपारी पुन्हा वाचलं, ऊन उतरल्यावर पुन्हा वाचलं. आकडा हलत नव्हता.

"परत आला नाही," ती अखेर म्हणाली. "पूर्ण नाही आला."

"उभा तर आहे," कोणीतरी म्हणालं.

"उभा आहे. पण आत कुठेतरी काहीतरी सुटलंय. कुठे, ते मला बाहेरून कळत नाही."

हाल्या तिच्याकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "तुमाला मोडायचाच होता ना, मॅडम? आता कारन मिलालं."

अदितीला रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिला खरोखरच तो मोडायचा होता, आणि आता जे ती सांगत होती तेही खरं होतं. या दोन्ही खऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे बाहेरच्या माणसाने कशावरून ओळखायचं? तिने दुर्बिणीपासून बाजूला होऊन संगिताला पुढे बोलावलं.

"तुम्ही वाचा, ताई. कालचा आकडा तुम्हीच वाचला होतात."

संगिताने वाचला. एकदा डोळा चोळून परत वाचला. काल आणि आजच्या मधला फरक तिला बोटांवर मांडता आला, कारण तो पेराएवढा होता.

"पडणार का?" तिने विचारलं.

"उद्या नाही पडणार. पुढच्या पावसात पडेल की टिकेल, मला सांगता येत नाही."

"एका वेळी किती मुलं गेली तर चालतील?"

"दोन. फार तर तीन."

नेमकी तेव्हाच शाळा सुटली होती. मुलांचा घोळका साकवावर घुसला. ढकलाढकली, आरडाओरडा, एक तर मधोमध उड्या मारून साकव हलवून बघत होता. संगिता ते बघत राहिली.

"मुलं काय मोजून चालतात?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी ती साकवाच्या तोंडाशी उभी राहू लागली. दोन मुलं सोडायची, ती पलीकडे उतरली की पुढची दोन. ओहोळात पाणी जवळजवळ नव्हतंच, पण मुलांना साकवावरूनच जायचं असायचं. पाड्यातल्या काहींना तिचं हे वागणं पटलं नाही. आपल्यातली बाई मॅडमच्या बाजूला गेली, असं ते म्हणाले.

डहाणूच्या घरी दशरथ चुरी मागच्या अंगणात बसून झाडावरून उतरवलेले चिकू निवडत होते. अदिती त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकताना हात थांबवला नाही.

"त्यांचं चुकलं काय?" ते म्हणाले. "आमच्याकडे जुना गर्डर काढायचा असला की नवा आधी बाजूला तयार करून ठेवायचो. मग तासा-दोन तासांचा ब्लॉक घ्यायचा, जुना सरकवायचा, नवा बसवायचा. गाड्या बंद ठेवून 'बघू आता काय करायचं' असं कोणी म्हटलं असतं तर लोकांनी मारलं असतं."

"पप्पा, नव्यासाठी निधी कुठे आहे?"

"ते मला काय विचारतेस? मी फक्त काम कुठल्या क्रमाने करतात ते सांगितलं."

निधी नव्हताच. पण कॉलेजच्या शेडमध्ये प्रयोगासाठी टिकवून ठेवलेला बांबू पडून होता. तो संपवला तर प्रयोगशाळेतल्या पुढच्या चाचण्या अडणार होत्या. शैलेश सरांनी दोन दिवस विचार केला आणि घेऊन जा म्हणाले. अदिती पुन्हा बोरपाड्याला गेली. या वेळी ती ओट्यावर उभी राहिली नाही, बसली.

"बांबू मी आणते. जुन्याच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला, नवा साकव बांधू. जुन्याचं काय करायचं ते नंतर बोलू."

"नंतर नाय, आताच बोलू," संगिता म्हणाली. "नवा आधी उभा राहील, लोक त्यावरून जातील. मग जुना तुमचा. मोडा, जाळा, काय ते करा."

सगळ्यांनी हाल्याकडे बघितलं. तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. "पोती परत भरावी लागतील का?" त्याने विचारलं, आणि त्यावरून माणसं समजली की तो येणार आहे.

नवा साकव शिमग्याच्या आधी उभा राहिला. तुळया थोड्या जाड केल्या, मध्याला बांबू वाढवले. अदितीची समजूत अशी होती की जुन्याचा मधला भागच हरला असणार. सगळ्यात जास्त वाकतो तो मध्य, हे कुठलंही पुस्तक सांगतं. हाल्याचंही तेच मत होतं. "काठी कुठे मोडते? मधेच मोडते," तो म्हणाला. पुढच्या पावसाळ्यात कोण चालणार, कधी चालणार याचा हिशेब करून अदितीने आखणी केली, आणि हाल्याने पहिल्यापेक्षा सफाईने काम केलं. टोकांच्या बैठकी, बोल्ट, सगळं पहिल्यासारखंच ठेवलं. त्यात बदलण्यासारखं काही कोणाला दिसलं नव्हतं.

शिमगा झाल्यावर जुन्याची चाचणी ठरली. या वेळी त्याच्यावर कोणाला चढू द्यायचं नव्हतं, म्हणून पोत्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या ओळीने ठेवल्या. ओहोळातल्या डोहावर एका शेतकऱ्याचा डिझेल पंप बसवला, आणि पाइपाने काठावरूनच टाक्या भरायला सुरुवात केली. पाडा सकाळपासून जमला होता. निम्मे लोक काठावर, निम्मे वरच्या अंगाच्या नव्या साकवावर कठड्याला रेलून; तिथून चांगलं दिसत होतं.

पाणी चढत गेलं. जुना साकव वाकत गेला. पोत्यांच्या वेळी जिथे थांबला होता तिथून तो सहज पुढे गेला, आणि तरी मोडला नाही. अदिती आकडे वाचत होती. पट्टीचा शेवटचा आकडा मागे पडला तेव्हा ती दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी बघू लागली. वाटेच्या कामट्या एकमेकींवर सरकत होत्या, कठडा आतल्या बाजूला कलला होता, आणि तुळया लहान मुलाला निजवायच्या झोळीसारख्या खाली उतरल्या होत्या. बांबू एवढा वाकू शकतो हे तिने छोट्या तुकड्यांवर पाहिलं होतं. अख्खा साकव असा वाकताना ती पहिल्यांदाच बघत होती.

"दिवस भरले," बुधी हळूच म्हणाली.

आणि मग आवाज झाला. मध्यातून नाही, पलीकडच्या काठावरून. चुलीत ओला बांबू फुटावा तसा एक दणका, लगेच दुसरा. पलीकडचं टोक बैठकीवरून सुटून खाली बसलं, साकव तिरपा झाला, टाक्या घसरत एकावर एक आदळल्या आणि सगळं पाणी धो धो ओहोळात गेलं. मधला भाग वाकलेला, पण धड होता.

मुलांनी आनंदाने किंकाळ्या मारल्या. अदिती उतरणीवरून धावत पलीकडे गेली.

टोकं उभी चिरली होती. चीर बरोबर बोल्टांच्या भोकांतून गेली होती. तिने बोट आत घातलं तर ते ओलं, काळं होऊन बाहेर आलं. दगडी बैठकीच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचून राहिलं होतं. ते भोकातून बांबूच्या पोकळीत शिरत राहिलं, बोरॅक्सचं औषध धुवून गेलं आणि आतला बांबू भुसभुशीत झाला. वरून पेर हिरवट-पिवळं, तुकतुकीत. मध्यात मोजत बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसलं नसतं, आणि ती पावसाळाभर मध्यातच मोजत बसली होती.

हाल्या तिच्यामागे येऊन उभा राहिला. त्यानेही बोट घालून बघितलं, वास घेतला. मग दोघांनी जवळजवळ एकदमच मान वर करून वरच्या अंगाला बघितलं. नवा साकव तिथे होता. तीच बैठक, तेच बोल्ट, आणि वर निम्मा पाडा.

तो आज पडणार नव्हता. बांबू नवा आणि कोरडा होता, हे अदितीला माहीत होतं. तरी ती आवाज न चढवता म्हणाली, "काका, त्यांना खाली यायला सांगा. घाई नको. एकेक करून."

माणसं उतरली, काय झालं ते त्यांना कळेना. अदितीने त्यांना चिरलेलं टोक दाखवलं, आणि नव्या साकवाची टोकंही तशीच आहेत हेही लगेच सांगून टाकलं. उद्या सांगावं, नीट मांडणी करून सांगावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं होतं. पण समोर संगिता उभी होती.

"म्हनजे हाही मोडायचा?" हाल्याने विचारलं. त्याचा आवाज थकलेला होता. महिनाभर त्याने दुसरं काम घेतलं नव्हतं.

"नाही काका. हा उचलायचा."

"हे टोक मी बसवलंय. माझ्या हातानं."

"आकृती माझी होती. तुम्ही आकृतीप्रमाणे बसवलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी हाल्या पहार घेऊन आला तेव्हा कोणी बोलावायला गेलं नव्हतं.

साकव उचलायचा म्हणजे तुळयांची टोकं बैठकीवरून वीतभर वर घेऊन धरायची, खालची बैठक फोडून नव्याने बांधायची आणि मग टोकं परत अलगद टेकवायची. त्यासाठी दशरथ चुरी स्वतः आले, जुन्या ओळखीतून चेन-कप्पी आणि ती टांगायला तीन पायांचं तिकाटणं मिळवून. निवृत्तीनंतर इतके खूश ते अदितीला दिसले नव्हते. दिवसभर ते "हळू, हळू, अजून सूतभर" असं ओरडत उन्हात उभे राहिले. बैठक बाहेरच्या बाजूला उतरती केली, टोकांखाली लोखंडी तुकडे ठेवून खालून वारा खेळता ठेवला. बोल्ट काढून त्यांची भोकं बुजवली आणि त्यांच्या जागी बांबूला बाहेरून कवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या घातल्या. कुठेही आरपार भोक नाही.

जेवणाच्या सुट्टीत संगिता भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली. अदितीच्या शेजारी बसून तिने मोडक्या साकवाकडे मान वळवली. तो अजून तिरपा ओहोळात पडला होता. पोरं त्याच्यावर घसरगुंडी खेळत होती.

"तो मोडला नसता तर कळलं नसतं ना हे?"

"नसतं कळलं."

"मग कधीतरी तो आपला आपण पडला असता. नायतर हा."

"पडला असता."

"शाळा सुटायच्या वेळेला पण पडला असता," संगिता म्हणाली. तिने अदितीच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. "खा गो. उपाशी काय कप्पी ओढणार तू?"

त्या दिवसानंतर तिने अदितीला मॅडम म्हटलं नाही.

पुढचं सगळं सावकाश झालं. शेवटचा चॅप्टर लंगडा पडला नाही, पण तो अदितीने ठरवला होता तसाही झाला नाही. बांबू मध्यात किती वाकतो यापेक्षा टोकाला पाणी कुठे साचतं यावरच त्यात जास्त लिहावं लागलं. शैलेश सर म्हणाले की विषयाचं नाव बदलावं लागेल. तिने बदललं. आकडे आणि चिरलेल्या टोकांचे फोटो घेऊन ती कचेऱ्यांतून फिरली. एका इंजिनिअरने फाईल उघडलीच नाही. दुसऱ्याने मोडलेल्या साकवाचा फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हा पडल्यावर लोकांनी तुम्हाला तिथे परत येऊ दिलं?" तालुक्यात दोन साकव मंजूर झाले. एकाचं काम हाल्याने घेतलं. दुसऱ्याचं अजून सुरू झालेलं नाही.

श्रावणात एकदा सलग पाऊस लागला. चारोटीला हायवेवर पाणी आल्याने अदितीला डहाणूहून निघता येईना. सकाळी तिने संगिताला फोन केला. मागे पावसाचा आणि मुलांचा आवाज एकात एक मिसळलेला होता.

"ओहोळ कसा आहे, ताई?"

"भरून चाललाय. पलीकडची पायवाट धुपली, तिथे दगड टाकायला माणसं गेलीत."

"आणि टोकं?"

"आताच बघून आले. खाली हात घातला, कोरडं आहे." ती थांबली आणि कोणावर तरी ओरडली, की धावू नकोस, पुढच्याला उतरू दे. मग परत फोनवर आली. "तू येऊ नको आज. रस्ता खराब आहे. जेवलीस का?"